अकरावी सही

अध्यक्षांना राग आला की ते आधी चष्मा काढत. गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि चष्मा टेबलावर आला की पुढच्या रांगेतले लोक हळूच मागे सरकत. तसे ते मूळचे दूधवाले. सात गाई, एक लांबट गोठा आणि गोठ्यामागे शेणामुताचा खड्डा, एवढा त्यांचा पसारा. पण गेल्या आठ-नऊ वर्षांत दूध संस्था, पाणी समिती, शाळेची पालक समिती आणि वाचनालय अशा चार ठिकाणची अध्यक्षपदं गळ्यात पडली, आणि ‘दूधवाले दादा’ हे नाव मागे पडलं. आता तर बायकोसुद्धा दारात आलेल्याला “अध्यक्ष घरी नाहीत” असंच सांगायची. त्यात आदर किती आणि टोमणा किती, ते ऐकणाऱ्यानं ठरवायचं.

माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कुणाची गाय वेताला अडली, कुणाच्या छपराला आग लागली, कुणाची गाडी चिखलात रुतली, की पहिला फोन अध्यक्षांना. आणि ते जात. भरल्या ताटावरून उठून जात. लष्कराच्या भाकऱ्या भाजायची एवढी हौस दुसऱ्या कुणाला नव्हती. फक्त एक खोड होती. तोंडी सांगितलेलं त्यांना चालत नसे. “लेखी द्या” म्हणत. अर्ज बंद पाकिटात यायचा, पाकीट सभेत सगळ्यांसमोर फोडायचं, आणि पहिल्या शब्दापासून शेवटच्या सहीपर्यंत अध्यक्षांनी तो मोठ्यानं वाचायचा. म्हणजे वशिला नको आणि मागच्या दारानं काही नको. हा नियम त्यांचाच.

नियम त्यांनी बरेच केले होते. दूध केंद्राचं फाटक सकाळी साडेसहाला बंद, म्हणजे बंद. मागच्या दोन महिन्यांत तीनदा त्यांच्या स्वतःच्या घरचं दूध पाच-सात मिनिटं उशिरा आलं, आणि तिन्ही वेळा त्यांनी बायकोला कॅनसकट परत पाठवलं. लोकांनी वाहवा केली. न्याय असावा तर असा, असं टपालवाला चार घरं सांगत फिरला. घरी परत गेलेल्या त्या वीस लिटर दुधाचं पुढे काय झालं, हे मात्र कुणी विचारलं नाही.

आणि सगळ्यांत कडक नियम सांडपाण्याचा. ज्याच्या घरचं घाण पाणी रस्त्यावर येईल त्यानं ते आठ दिवसांत बंद करायचं, नाहीतर पाणी समिती त्याचा नळ तोडणार. गेल्या वर्षी लाँड्रीवाल्याच्या साबणाचं पाणी रस्त्यावर आलं आणि नवव्या दिवशी त्याचा नळ तुटला. बिचारा नऊ दिवस गावाच्या चादरी डोक्यावर घेऊन नदीवर जात होता. हातापाया पडला, तर अध्यक्ष म्हणाले, “तुझ्याशी माझं वैर नाही. पण आज तुला सोडलं तर उद्या गाव माझ्या तोंडावर थुंकेल.”

तर त्या दिवशी दुपारी तीन वाजता शाळेच्या वर्गात पाणी समितीची सभा भरली. फळ्यावर अर्धवट पुसलेला भागाकार होता, आणि मोठमोठी माणसं पोरांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसली होती. चिटणिसांनी पाकीट पुढे केलं. ते देताना त्यांनी वर पाहिलं नाही. एरवी ते पाकिटावरून काही ना काही बोलायचे, आज खाली मान घालून वहीत तारीख लिहू लागले.

अध्यक्षांनी पाकीट फोडलं आणि वाचायला लागले.

“विषय, गोठ्याच्या सांडपाण्याबाबत. शाळेमागच्या उताराच्या गल्लीत गेली अडीच वर्षं गोठ्याच्या खड्ड्यातलं पाणी...” एवढं वाचून ते अडखळले. त्या गल्लीत गोठा एकच होता.

अध्यक्षांनी चष्मा नाकावर वर ढकलला आणि पुढे वाचू लागले, कारण नियम म्हणजे नियम. खड्डा भरून वाहतो. गल्लीत शेवाळ धरलंय. शाळेची मुलं भिंतीला धरून चालतात. आजवर पाच जण घसरून पडले, त्यांतल्या एका बाईचा हात कायमचा अधू झाला. तरी समितीनं नियमाप्रमाणे आठ दिवसांची मुदत द्यावी, आणि पाणी बंद न झाल्यास गोठ्याचा नळ तोडावा, ही विनंती.

“कोण बाई?” अध्यक्षांनी विचारलं. “कुणाचा हात अधू झाला? मला कसं माहीत नाही? नाव लिहायला काय झालं होतं? उगाच आपलं उचलली जीभ लावली टाळ्याला!”

शाळेच्या बाई मागच्या बाकावर बसल्या होत्या. त्यांनी तोंड उघडलं आणि परत मिटलं.

“सह्या,” अध्यक्ष गरजले. “पहिली, लाँड्रीवाला. वाटलंच होतं! अरे, नळाचा सूड असा घेतोस होय? समोर येऊन बोलायला जीभ नव्हती?”

“समोर येऊन बोललो असतो तर लेखी दे म्हणाला असतात,” लाँड्रीवाला खिडकीजवळून म्हणाला.

एक-दोघं हसले. ते हसू अध्यक्षांच्या जिव्हारी लागलं. ते एकेक सही अशी वाचू लागले की जणू आरोपी पुकारताहेत. शाळेच्या बाई. ज्यांच्या शाळेचं छप्पर त्यांनी स्वतः वर चढून शाकारलं होतं, त्या बाई! टपालवाला. ज्याच्या म्हाताऱ्याला त्यांनी ट्रॅक्टरमधून दवाखान्यात नेलं होतं, तो! शिवणकाम करणाऱ्या मावशी. बेकरीवाला. एकेका नावासरशी त्यांची तळपायाची आग मस्तकाला जात होती. एवढं केलं यांच्यासाठी, आणि हे फेडले पांग! दहा सह्या झाल्या. अकरावी आली आणि ते थांबले.

ती सही वेडीवाकडी होती. पहिलीतल्या पोरानं गिरवावी तशी अक्षरं एकमेकांवर पडलेली, आणि शेवटची रेघ कागदाबाहेर गेलेली. आडनाव त्यांचंच होतं. त्याच्या आधी त्यांच्या बायकोचं नाव होतं.

अध्यक्षांनी चष्मा काढला आणि टेबलावर ठेवला.

“हा फौजदारी गुन्हा आहे,” ते म्हणाले. आवाज इतका शांत की पुढचे बाक सरकलेच. “माझ्या बायकोची खोटी सही केलीय या माणसानं. चोवीस वर्षं मी तिची सही बघतोय. मोत्यासारखं अक्षर आहे तिचं. दूध संस्थेच्या पहिल्या वहीत तिनं लिहिलेले आकडे आहेत, जा बघून या. आणि ही बघा! हा कोंबडीचा पाय बघा! एवढा खाली उतरलास रे? माझ्याशी भांडण होतं तर माझ्याशी भांडायचं. माझ्या घरातल्या बाईचं नाव वापरतोस?”

लाँड्रीवाला उभा राहिला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता, पण तो भांडला नाही. “अध्यक्ष, मी खोटी सही केली नाही,” एवढंच म्हणाला आणि खाली बसला.

“उद्या सकाळी दहा वाजता परत सभा. तिलाच इथे उभी करतो. आणि तिथून तुला सरळ पोलीस ठाण्यात नेतो.”

“अध्यक्ष,” शाळेच्या बाई मागून म्हणाल्या, “आधी घरी विचारा. आरडाओरडा न करता विचारा.”

“माझ्या घरात कसं बोलायचं ते मला शिकवू नका,” असं म्हणून अध्यक्षांनी कागद खिशात कोंबला आणि चष्मा टेबलावरच विसरून निघाले.

ते एरवी मोटारसायकलवरून पुढच्या रस्त्यानं घरी जात. आज मुद्दाम मागच्या गल्लीनं पायी निघाले. शेवाळ म्हणे! बघूच ना कुठे आहे शेवाळ. शाळेची भिंत संपली, चढ सुरू झाला, आणि चौथ्याच पावलाला त्यांचा पाय असा सटकला की भिंतीला धरलं म्हणून वाचले. गल्लीभर हिरवट काळं पाणी पसरलं होतं. मध्ये दोन विटा टाकून कुणीतरी पाय ठेवायला जागा केली होती, आणि भिंतीवर मुलांच्या हातांचे डाग कमरेच्या उंचीला ओळीनं होते. वास तर विचारू नका. या गल्लीनं ते शेवटचं कधी चालत आले होते, हे त्यांना आठवेना. वर्ष झालं असेल. कदाचित दोन. त्यामुळे राग कमी झाला असं नाही. उलट बूट भरला म्हणून आणखी वाढला.

गोठ्यात शिरले तेव्हा पाच वाजून गेले होते. त्यांची बायको तिसऱ्या गाईखाली बसली होती. त्यांनी दारातूनच कागद फडकवला.

“हे बघ! लाँड्रीवाल्याचा प्रताप बघ! तुझी खोटी सही केलीय. उद्या दहाला सभेत यायचं आणि सगळ्यांसमोर सांगायचं, ही माझी सही नाही म्हणून. बघतोच त्याच्याकडे!”

ती उठली नाही. “माझीच आहे,” ती म्हणाली.

“काय?”

“सही माझी आहे. अर्जही माझा आहे. लाँड्रीवाल्याकडून मी लिहून घेतला. तो नको नको म्हणत होता. म्हणाला, वहिनी, सगळं माझ्या अंगावर येईल. आलं ना?”

अध्यक्षांना क्षणभर शब्दच सुचेना. मग सगळे एकदम आले. “अगं, तुझं डोकं ठिकाणावर आहे का? स्वतःच्या नवऱ्याविरुद्ध अर्ज? गावासमोर माझं नाक कापलंस! आपल्याच गोठ्याचा नळ तोडा म्हणून लिहून देतेस? काय हवं ते मला सांगायचं होतंस. एका घरात राहतो आपण!”

आता ती उठली. दूध बाजूला ठेवलं आणि पदराला हात पुसत समोर आली. चोवीस वर्षांत तिनं त्यांच्यावर आवाज चढवला नव्हता. आज चढवला, आणि गाईंनी माना वर केल्या.

“सांगितलं नाही? खड्डा भरला, दुसरा खणू या, हे मी तुम्हाला अडीच वर्षं सांगतेय. तुम्ही जेवताना सांगितलं, तर फोन आला. सकाळी सांगितलं, तर फाटकाची वेळ झाली. एकदा तर तुम्ही ऐकून घेतलंत, सगळं ऐकून घेतलंत, आणि म्हणालात, असं कर, लेखी दे, म्हणजे माझ्या लक्षात राहील. हसत म्हणालात. चेष्टा होती तुमची. मी नाही हसले.”

“चेष्टेत बोललो असेन...”

“पालथ्या घड्यावर पाणी! म्हणून दिलं लेखी. घरात बोललेलं तुम्हाला ऐकू येत नाही, पण अर्ज आला की अक्षर न् अक्षर मोठ्यानं वाचता. आज वाचलंत की नाही? सगळ्यांसमोर वाचलंत ना?”

“अगं पण सही... असं अक्षर तुझं कुठे असतं?” ते म्हणाले, आणि हे म्हणताना त्यांचं लक्ष पहिल्यांदा तिच्या हाताकडे गेलं. उजवा हात तिनं पोटाशी धरला होता. बोटं अर्धी मिटलेली, ना उघडी ना बंद.

“आता असंच असतं,” ती म्हणाली.

“मनगट मुरगळलं होतं ना? कॅन घेऊन पडली होतीस तेव्हा. ते तर बरं झालं होतं.”

“मोडलं होतं. त्या गल्लीतच घसरले होते मी. तुम्ही वाचनालयाच्या छपराच्या मिटिंगला होतात. मीच फडकं बांधलं आणि दूध घालून आले, कारण साडेसहाला फाटक बंद होतं. नंतर डॉक्टर म्हणाले, हाड वाकडं जुळलंय. आता मूठ वळत नाही. दोन महिने झाले, मी डाव्या हातानं धारा काढतेय. एका हातानं सात गाई! म्हणून उशीर होतो. म्हणून तीनदा दूध परत आलं. तुम्ही परत पाठवलंत, लोकांनी तुमचं कौतुक केलं, आणि मी वीस लिटरचा कॅन डाव्या हातानं त्याच गल्लीतून वर ओढत आणला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो काही वेगळा नसतो हो!”

अध्यक्ष खाली ठेवलेल्या बादलीकडे बघत राहिले. हाच माणूस फाटकावर उभा राहून लांबूनच ओळखायचा, कुणाची गाय मागच्या पायानं लंगडतेय. परगावचे लोक विचारायला यायचे. आणि दोन महिने रोज सकाळी जी बाई त्यांच्यासमोर डाव्या हातानं कॅन ठेवत होती, तिला ते तिन्ही वेळा म्हणाले होते, “गावाची वहिनी असो नाहीतर राणी, फाटक बंद म्हणजे बंद.” सगळी रांग हसायची. तीही हसायची, असं त्यांना आठवत होतं. आता त्याची खात्री वाटेना. त्यांना स्वतःचा एवढा राग आला की तो कुठे ठेवावा कळेना, आणि रागीट माणसाची सवय अशी, की तो राग त्यांनी समोरच्यावरच काढला.

“मग मला दाखवायचा होतास ना हात! ओरडून सांगायचं होतंस! गावभर सगळ्यांना माहीत आणि मला नाही? त्या लाँड्रीवाल्याला माहीत, बाईंना माहीत! मी आज भर सभेत विचारलं, कुणाचा हात म्हणून. काय वाटलं असेल लोकांना?”

“लोकांना काय वाटेल, हेच आलं ना आधी तुमच्या तोंडी?” ती म्हणाली.

त्यांनी ओला बूट काढून फेकला, बादली उचलली आणि चौथ्या गाईकडे गेले. “सरक. आज मी काढतो. सगळ्या.”

“काढा,” ती म्हणाली आणि गव्हाणीच्या कट्ट्यावर बसली.

त्यांनी आचळं धुतली, बादली गुडघ्यांत धरली आणि कास चोळायला लागले. आयुष्यभर केलेलं काम, हात विसरतात थोडेच? पण गाय पान्हा सोडेना. अंग आक्रसून उभी राहिली. त्यांनी थोपटलं, जीभ टाळ्याला लावून चुचकारलं. पाच मिनिटं झाली, बादलीच्या तळाला कपभरही दूध नाही. त्यांनी जरा जोरानं ओढलं तर तिनं पाय असा झाडला की बादली लांब जाऊन पडली आणि होतं ते दूधही सांडलं. अध्यक्षांचा हात वर गेला.

“खबरदार!” ती ताडकन उठली. “तिला हात लावायचा नाही. तिचा काय गुन्हा? परक्या माणसाला गाय पान्हा सोडत नसते. तुम्हीच शिकवलंय मला हे, लग्न होऊन आले तेव्हा.”

परका. स्वतःच्या गोठ्यात. अध्यक्षांनी हात खाली घेतला. खिशातला फोन वाजायला लागला. टपालवाल्याचा होता. तो वाजत राहिला, थांबला, परत वाजला. त्यांनी बघितलंसुद्धा नाही, बादली उचलून आणली, विसळली आणि परत त्याच गाईखाली बसले.

“उद्या सभेत अकरावी सही नीट वाचायची,” ती म्हणाली. “नावासकट. आणि लाँड्रीवाल्याची माफी मागायची. तिथेच, सगळ्यांसमोर.”

“मागतो.”

“आठ दिवसांत नवा खड्डा झाला नाही, तर नळ तोडायचा.”

“अगं, गाई काय पितील?”

“तुम्ही नदीवरून आणाल. लाँड्रीवाला जात होता तसे. का आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं?”

ते गाईच्या पोटाला कपाळ टेकवून हळूहळू कास चोळत राहिले. बऱ्याच वेळानं एक बारीक धार आली, मग दुसरी. गाय अजून कान मागे टाकूनच उभी होती, पण उभी होती. बादली अर्धी व्हायला अर्धा तास गेला. त्यांचे खांदे भरून आले, बोटं आखडली. दोन हातांनी ही गत, मग एका हातानं काय होत असेल, हे त्यांच्या डोक्यात आलं आणि ते उठून तिच्याजवळ गेले.

“हात बघू दे.”

तिनं हात पुढे केला नाही. “डॉक्टरांनी बघितलाय. तीनदा. दर वेळी विचारतात, बरोबर कोण आलंय.”

“मग तू काय सांगतेस?”

“कोणी नाही म्हणून सांगते. खरं तेच.”

तिनं मान दुसरीकडे फिरवली होती. तिचे डोळे भरले होते, पण ते रागानं, आणि तो राग आज-उद्यात उतरणारा नव्हता, हे त्यांना कळलं. तीन गाई अजून बाकी होत्या. त्यांनी बादली घेतली आणि पुढच्या, एक शिंग मोडलेल्या गाईच्या उजव्या बाजूला बसायला लागले.

“तिकडून नाही!” ती ओरडली. “ती उजवीकडून कुणाला बसू देत नाही. नऊ वर्षं झाली तिला आपल्या गोठ्यात, नऊ वर्षं!”